वस्त्र विकून घेतलेली तलवार



पुढच्या रविवारी झावळ्यांचा रविवार आहे आणि त्यानंतर पवित्र आठवडा. गुड फ्रायडेला आपले युवक-युवती चर्चच्या आवारात प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य सादर करतात. त्याच्या तालमी सुरू आहेत. मागच्या आठवड्यात तालीम संपल्यावर चार-पाच तरुण आमच्याकडे आले. म्हणाले, "फादर, दरवर्षी पेत्र पुठ्ठ्याची तलवार घेऊन येतो. तिच्यावर रुपेरी कागद चिकटवलेला असतो. मल्खाचा कान कापला जातो तेव्हा मागे बसलेली मुले हसतात. या वर्षी खरी तलवार आणू या. फार महाग नको, पण खरी हवी. थोडी धार लावून घेतली की दिव्यात चांगली चमकेल."

त्यांच्यातला एक हसत हसत पुढे म्हणाला, "आणि फादर, वस्त्र विकून तलवार विकत घ्या असे प्रभूनेच सांगितले आहे ना?"

मुलाने थट्टेत विचारले खरे, पण प्रश्न थट्टेचा नाही. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात हे वचन आहे. दर तिसऱ्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आपण ते उभे राहून ऐकतो. ऐकून घरी जातो, पण कोणी त्याविषयी विचारत नाही. या मुलाने विचारले, म्हणून आज आपण त्यावर थोडा विचार करू या.

दुकानातली तलवार

मुलांनी आधीच दोन-तीन ठिकाणी चौकशी केली होती. त्यांच्याबरोबर आम्हीही गावाजवळच्या लोहाराकडे गेलो. आपल्या वाड्यांतले कोयते आणि विळे वर्षानुवर्षे त्याच्या हातून जातात. त्याच्याकडून आम्ही बरेच शिकलो.

त्याने सांगितले की बाजारात दोन प्रकारच्या तलवारी मिळतात. एक शोभेची. ती न गंजणाऱ्या स्टीलची, आरशासारखी चकचकीत आणि स्वस्त असते. पण तिची मूठ उघडून पाहिली तर पाते मुठीत जेमतेम शिरलेले दिसते. पुढे एक बारीक सळई जोडलेली असते, एवढेच. ती भिंतीवर टांगायला ठीक आहे. जोरात फिरवली तर पाते मुठीतून निसटून समोरच्याच्या अंगावर जाते. दुसरी कामाची. ती दिसायला साधी असते आणि तेल लावले नाही तर गंजते. पण पाते आणि मुठीतला भाग हे एकाच अखंड पोलादाचे असतात. गाडीच्या जुन्या पाट्यापासून चांगला कोयता बनतो, तसले ते पोलाद, वाकून पुन्हा सरळ होणारे. लोहार म्हणाला, "फादर, घेताना चमक बघू नये, मुठीच्या आत काय आहे ते विचारावे."

मग आम्ही धारेविषयी विचारले. तो म्हणाला, धार लावणे म्हणजे लोखंडात काही घालणे नव्हे, काढणे. प्रत्येक वेळी पाते थोडे झिजते. आधी जाड दगडावर आणि मग बारीक दगडावर, दोन्ही बाजूंनी सारखाच उतार धरून घासावे लागते. मध्ये मध्ये पाणी मारावे लागते. चाकावर घाईने दाबले तर पाते तापून निळे पडते. मग त्याचे पाणी उतरते आणि ती धार टिकत नाही. फार पातळ केली तर कठीण वस्तूवर लागताच तिचा तुकडा उडतो. शेवटी कडेला केसासारखा बारीक पापुद्रा राहतो, तो काढला नाही तर धार लागली असे वाटते, पण ती दोन घावांत मोडते.

एवढे सांगून तो मुलांकडे वळला. "धार लावायला मला अर्धा तास पुरेल. पण धार लावलेली तलवार नंतर घरात कोण सांभाळणार? आणि नाटकात समोर उभा राहणारा मुलगा कोणाचा आहे?"

मुले गप्प झाली.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी लागली. आपल्या देशाचा १९५९ चा शस्त्र कायदा तलवारीला शस्त्र मानतो, पण केवळ शेतीसाठी किंवा घरकामासाठी बनवलेल्या वस्तूंना त्यातून वगळतो. म्हणजे केळीच्या वाडीत चालणारा कोयता हे अवजार आणि तलवार हे शस्त्र. कायद्याने वस्तू कशासाठी बनवली ते पाहिले. परंतु रागाच्या एका क्षणात कोयत्याची तलवार होते हे आपल्याला ठाऊक आहे. ते कोणत्याही कायद्याला आधी दिसत नाही. ते फक्त देवाला दिसते, आणि थोडेसे आपल्याला स्वतःला.

प्रभू काय म्हणाला?

शेवटचे भोजन झाले आहे. प्रभू शिष्यांना जुन्या दिवसांची आठवण करून देतो. त्याने त्यांना थैली, झोळी आणि वहाणांवाचून पाठवले होते, तेव्हा त्यांना काही उणे पडले होते का? ते सांगतात, काहीच नाही. मग तो म्हणतो की आता दिवस बदलले आहेत. थैली असेल त्याने ती घ्यावी, झोळीही घ्यावी, आणि तलवार नसेल त्याने आपले वस्त्र विकून ती घ्यावी. यशया संदेष्ट्याने लिहिल्याप्रमाणे आपली गणना आता अपराध्यांत होणार आहे, असेही तो सांगतो.

शिष्यांना त्यातला एकच शब्द ऐकू आला, तलवार. ते लगेच म्हणाले, इथे दोन आहेत. प्रभूने 'पुरे' एवढेच म्हणून तो विषय संपवला. रोमचे सैन्य आणि मंदिराचे पहारेकरी समोर असताना अकरा माणसांना दोन तलवारी कशा पुरणार? लढाईच करायची असती तर त्या पुरल्या नसत्या. प्रभूला लढाई अभिप्रेत नव्हती. येणारी रात्र किती कठीण आहे ते तो त्यांना सांगत होता. आतापर्यंत लोकांनी घरात घेतले, जेवू घातले. आता दारे बंद होतील. सावध राहा, किंमत मोजायची तयारी ठेवा, असा त्याचा अर्थ होता. ज्या एका तलवारीचा त्या रात्री उपयोग झाला, तिला प्रभूने तिथल्या तिथे थांबवले. संत मत्तय सांगतो की तलवार म्यानात घालायला लावून त्याने बजावले, तलवार उचलणाऱ्यांचा नाश तलवारीनेच होतो.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे की हे वचन म्हणजे शस्त्र बाळगण्याचा परवाना नव्हे. परंतु प्रभूने सांगितलेल्या किमतीकडे आपण नीट पाहायला हवे. तलवार घ्यायची तर वस्त्र विकावे लागते.

त्या काळी गरीब माणसाचे वरचे वस्त्र म्हणजे त्याचे पांघरूण. दिवसा अंगावर घ्यायचे आणि रात्री त्यातच झोपायचे. म्हणून निर्गमाच्या पुस्तकात देवाने नियम घालून दिला आहे. शेजाऱ्याचे वस्त्र गहाण ठेवून घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत करावे, कारण त्याच्यापाशी दुसरे पांघरूण नसते. आणि ती रात्र थंडीची होती. संत योहान लिहितो की महायाजकाच्या अंगणात दासांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता आणि पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत होता. जो माणूस ऊब विकून शस्त्र घेतो, त्याला रात्री शत्रूच्या विस्तवापाशी उभे राहावे लागते.

शत्रूच्या दारात लावलेली धार

धारेविषयी पवित्र शास्त्रात एक जुनी हकिकत आहे. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात ती येते. शौल राजाच्या काळी सबंध इस्राएल देशात एकही लोहार नव्हता. इस्राएली लोकांनी तलवारी व भाले बनवू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी ही व्यवस्था केली होती. फाळ, कुदळ, कुऱ्हाड यांना धार लावायची तर शेतकऱ्याला पलिष्ट्यांच्या मुलखात उतरून जावे लागे. त्याचा दरही तिथे लिहिला आहे. फाळाला एक 'पीम' द्यावा लागे. हा शब्द सबंध पवित्र शास्त्रात एकदाच येतो. जुन्या भाषांतरकारांना त्याचा अर्थ लागेना. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात त्याचे 'कानस' करून टाकले. पुढे विसाव्या शतकात त्या देशात उत्खनन करताना हाच शब्द कोरलेली दगडाची लहान वजने सापडली. एकेक वजन साडेसात ते आठ ग्रॅमचे, म्हणजे शेकेलाचे सुमारे दोन तृतीयांश. मग उलगडा झाला की पीम म्हणजे धार लावण्याची मजुरी, तेवढी चांदी.

शेतकऱ्याने आपल्या फाळाला धार लावण्यासाठी शत्रूच्या दारी जावे आणि चांदी मोजून यावे! युद्धाच्या दिवशी शौल आणि योनाथान यांच्याखेरीज कोणाच्याच हाती तलवार किंवा भाला नव्हता.

प्रियजनहो, आपल्या रागाला धार कुठे लागते? घरात बसून तो आपोआप बोथट होत असतो. रात्री झोप झाली, सकाळी कामाला लागलो, चार दिवस गेले की निम्मा उतरतो. पण कोणीतरी येऊन सांगतो, "तो तुझ्याविषयी काय बोलला ते ऐकलेस का?" दुसरा म्हणतो, "मी असतो तर सोडले नसते." झाले, पुन्हा पाते तापले. राग पाजळून देणारे पुष्कळ असतात. त्यांना त्यातून काही मिळत नसले तरी करमणूक मिळते. मजुरी मात्र आपल्या घरातून जाते.

आमच्या माहितीतली एक गोष्ट सांगतो. नाव, गाव सांगत नाही, आणि ती कोणा एकाविषयी नाही. अशी घरे आपल्या धर्मग्रामात एकापेक्षा अधिक आहेत. दोन भावांत वाडीच्या बांधावरून वाद झाला. बांध दोन हात सरकला असे थोरल्याचे म्हणणे, सरकला नाही असे धाकट्याचे. एका सकाळी केळीला लावलेला कोयता हातात तसाच राहिला आणि वर उचलला गेला. कोणाला लागले नाही, देवाची कृपा. पण त्या दिवसापासून बोलणे बंद झाले आणि दावा सुरू झाला. तारखा, वकील, मोजणी, पुन्हा तारखा. काही वर्षांनी दोन हातांच्या बांधासाठी धाकट्याने वाडीचा एक तुकडा विकला. पुढे थोरल्यानेही विकला. आई गेली तेव्हा दोघे शवपेटीच्या दोन बाजूंना उभे होते. त्यांची मुले एकमेकांना ओळखत नाहीत. ज्या वाडीने दोघांना वाढवले ती वाडी विकून दोघांनी लढाई विकत घेतली. वस्त्र विकून तलवार घेणे ते हेच.

आणि हे आम्ही दुसऱ्यांविषयीच बोलतो असे नाही. काही वर्षांपूर्वी एका सभेत एका वयस्कर श्रद्धावंतांनी हिशेबाविषयी प्रश्न विचारला. प्रश्न योग्य होता. आम्ही सर्वांसमोर त्यांना असे उत्तर दिले की लोक हसले आणि ते खाली बसले. त्यानंतर ते मिस्साला यायचे थांबले. त्यांच्या घरची पायरी चढायला आम्हांला आठ महिने लागले. दार त्यांनी उघडले, चहा दिला, एक शब्दही मागचा काढला नाही. आमचे उत्तर फार धारदार होते, आणि त्याची किंमत आठ महिने त्यांनी भरली.

कापलेला कान

पेत्राच्या घावाचेही असेच झाले. चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे, पण तलवार चालवणारा पेत्र होता आणि घाव लागलेल्या दासाचे नाव मल्ख होते, हे फक्त संत योहान सांगतो. आणि प्रभूने त्या कानाला स्पर्श करून त्याला बरे केले, हे फक्त संत लूक सांगतो. अटक होत असताना, हात बांधले जाण्यापूर्वी, प्रभूने केलेला हा शेवटचा बरे करण्याचा चमत्कार. तोही शत्रूच्या माणसासाठी, आणि आपल्याच शिष्याने केलेल्या जखमेवर.

पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे महायाजकाच्या अंगणात पेत्राला तिसऱ्यांदा विचारणारा माणूस मल्खाचाच नातेवाईक होता. बागेत तुला मी त्याच्याबरोबर पाहिले नाही का, असे त्याने विचारले. कान बरा झाला होता, तरी घाव घालणाऱ्याचा चेहरा नातेवाइकाच्या लक्षात राहिला होता. पेत्राने नाकारले आणि कोंबडा आरवला. प्रभूच्या रक्षणासाठी उगारलेल्या तलवारीने पेत्राला प्रभूला नाकारण्यापर्यंत नेले. आपण एक वाक्य बोलतो, क्षमाही होते, पण ते वाक्य दुसऱ्याच्या मुलाला आठवत राहते.

तलवारीचे दोन चांगले उपयोग

मग तलवारीचा काही चांगला उपयोग आहे का? ख्रिस्तसभेने जपलेल्या दोन आठवणी आहेत.

संत मार्टिन रोमन सैन्यात होता. थंडीच्या दिवसांत फ्रान्समधील आमियाँ शहराच्या वेशीवर त्याला एक उघडा भिकारी दिसला. मार्टिनपाशी देण्यासारखे काही उरले नव्हते. त्याने तलवार उपसली, अंगावरचा झगा मधोमध कापला आणि अर्धा भिकाऱ्याला दिला. त्या रात्री स्वप्नात तोच अर्धा झगा पांघरलेला प्रभू त्याला दिसला. पुढे सैन्य सोडून तो तूरचा बिशप झाला. त्याचा सण ११ नोव्हेंबरला येतो.

दुसरा संत इग्नेशियस लोयोला. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. बरा झाल्यावर १५२२ च्या मार्चमध्ये, देवदूताच्या निरोपाच्या सणाच्या आदल्या रात्री, मोन्सेरात येथील पवित्र मातेच्या वेदीपुढे तो रात्रभर जागला. आपली तलवार आणि कट्यार त्याने तिथेच टांगून ठेवली आणि किमती कपडे एका गरिबाला दिले. नंतर कळले की ते कपडे चोरल्याचा आळ त्या गरिबावर आला, तेव्हा इग्नेशियसला रडू आले.

पाहा, दोन्ही ठिकाणी तलवार आहे आणि वस्त्रही आहे. पण वस्त्र विकून कोणी तलवार घेतली नाही. एकाने तलवारीने वस्त्र वाटून दिले. दुसऱ्याने तलवार ठेवून दिली आणि वस्त्रही देऊन टाकले.

कोणत्या तलवारीला धार लावायची?

एक तलवार मात्र प्रत्येक घरात हवी आणि ती धारदार हवी. संत पौल इफिसकरांस लिहिताना देवाच्या वचनाला पवित्र आत्म्याची तलवार म्हणतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात हे वचन दुधारी तलवारीहून तीक्ष्ण असून मनातले विचार आणि हेतू पारखणारे आहे असे सांगितले आहे. या दोन्ही ठिकाणी, आणि पेत्राच्या हातातल्या तलवारीसाठीही, मूळ ग्रीक भाषेत एकच शब्द आहे, 'माखायरा', म्हणजे आखूड तलवार किंवा मोठा सुरा. पेत्राने ती दुसऱ्यावर चालवली. वचनाची तलवार आधी स्वतःवर चालवायची असते.

ही तलवार महाग नाही. पवित्र शास्त्र आपल्या बहुतेक घरांत आहे. कुठे वेदीवर, कुठे कपाटात, कुठे अजून लग्नात मिळाले तसे वेष्टनात. शोभेच्या तलवारीसारखे ते चमकते, पण मुठीच्या आत काही नाही. उपदेशकाच्या पुस्तकात एक शहाणपणाची गोष्ट आहे. हत्यार बोथट असले आणि धार लावली नाही तर जोर जास्त लावावा लागतो. घरात आवाज चढवून बोलावे लागते, मुलांवर ओरडावे लागते, तेव्हा समजावे की वचन बोथट झाले आहे आणि आपण नुसता जोर लावतो आहोत.

आणि धार लागते ती रोज थोडी थोडी, पाणी मारत. प्रार्थना हे ते पाणी. वचन घाईने आणि रागाने दुसऱ्यावर घासले तर त्याचेही पाणी उतरते. नीतिसूत्रांत म्हटले आहे की लोखंडाने लोखंडाला धार लागते, तशी माणसाने माणसाला. म्हणून घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावे. धार लागताना थोडे झिजावे लागेल. आपला मोठेपणा आणि आपणच बरोबर असल्याचा हट्ट झिजेल. ते झिजू द्यावे.

नाटकाचे काय झाले ते सांगून संपवतो. मुलांनी खरी तलवार घ्यायची नाही असे ठरवले. आपल्यातल्याच एका सुताराने लाकडाची एक घडवून दिली आहे, आणि ती चांगली दिसते. मुलांनी स्वतःहून आणखी एक बदल केला. कान कापला जातो ते झटकन होईल, पण प्रभू खाली वाकून मल्खाचा कान बरा करतो तिथे संगीत थांबेल आणि सगळे थोडा वेळ स्तब्ध राहतील. त्या वेळी आपणही स्तब्ध राहू या.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या:

१. रोज रात्री रोझरीनंतर संत लूकच्या शुभवर्तमानाचा बाविसावा अध्याय थोडा थोडा, घरातल्या सर्वांनी मिळून वाचावा.

२. आपल्या शब्दाने जखमी झालेल्या एका माणसाचे नाव मनात आणावे आणि पवित्र गुरुवारपूर्वी त्याच्या दारी जावे. फोन नको, स्वतः जावे. शक्य झाल्यास त्यापूर्वी प्रायश्चित्त संस्कार घ्यावा.

३. घरात थंडीच्या चादरी, कपडे जास्त असतील तर चर्चच्या कार्यालयात आणून द्यावेत. ते गरजूंना दिले जातील.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू शत्रूच्या कानाला स्पर्श करून बरे केलेस. आमच्या शब्दांनी झालेल्या जखमांना तू स्पर्श कर. आमच्या हातातली तलवार खाली ठेवायला लाव आणि तुझ्या वचनाची धार आमच्या मनाला लागू दे. भावाच्या दारापर्यंत जाण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.